वासुदेव खडक्यांच्या बादल्या

बंद दाराचा मला तिटकारा आहे, हे आधीच सांगते. एका घरात राहायचं, एकाच ओट्यावर चहा करायचा, आणि बाथरूमला जातानासुद्धा खोलीला कुलूप लावायचं, हे कुठलं वागणं? वासुदेव खडके लावायचे. किल्ली कायम बनियनच्या आत, दोऱ्याला.

अठ्ठ्याण्णव साल. दुबईजवळच्या अजमानला आम्ही दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, मी, माझा नवरा संजय आणि आमची सहावीतली शुभ्रा. संजयचं ऑफिस दुबईच्या देऱ्यात, पण तिथे फॅमिलीला परवडणारं घर कुठलं! अजमानलाही एक खोली शेअरिंगवर दिल्याशिवाय भागेना. मालकाची परवानगी नव्हती. सगळेच देत होते म्हणून आम्हीही दिली. पण अ‍ॅग्रीमेंटवर नाव एकट्या संजयचं. त्या खोलीत काही भानगड निघाली तर पोलीस आधी कुणाला उचलणार? आणि एकदा उचललं की नोकरी, व्हिसा, शुभ्राची शाळा, सगळं खलास.

खडके उदगीरकडचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. वय चाळिशीचं, बोलणं मोजकं. आधी देऱ्यात बंक बेडवर, मग प्लायवूडच्या पार्टिशनमागे, आणि आता पहिल्यांदाच चार पक्क्या भिंतींची खोली. बायको कावेरी गावाकडे होती. लग्नानंतर प्रथमच ती व्हिजिट व्हिसावर येणार होती, याच खोलीत. खोली घ्यायच्या आधीच त्यांनी मला विचारून ठेवलं होतं, की ती बुजरी आहे, दिवसभर एकटी असेल, तुम्ही असाल ना घरी? असेन म्हटलं. मला तेव्हा ते बरे वाटले होते.

मग सुरू झाले डबे. आधी चहाचे कागदी कप, कचऱ्यातून गोळा केलेले. मग माझ्याकडे दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे मागितले. कशाला हो, म्हटलं. झाडं लावतोय, म्हणाले. कसली? अशीच, पालेभाजी. अशीच म्हणजे? मेथीला कुणी अशीच म्हणतं का? पालकाला नाव नाही का? मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

त्यात त्यांच्या खोलीच्या दाराखालून भर दुपारी पांढरा लख्ख उजेड यायचा. माणूस कामावर, एसी चालू आणि ट्यूबलाइट चालू. नर्सरीतून मातीच्या गोण्या आणायचे त्या चादरीत गुंडाळून. इमारतीचा वॉचमन गनी, त्याला तिथे नातूर म्हणतात, त्याची पाठ वळली की लिफ्टमध्ये शिरायचे. डब्यांनंतर रंगाच्या रिकाम्या बादल्या आल्या, वर्कशॉपमधून. बुडाला खिळ्यानं भोकं पाडताना मी त्यांना मोरीत धरलंच. एवढ्या मोठ्या बादल्या आहेत तर पहिल्याच दिवशी का नाही लावलंत, उगाच तीन-तीनदा घरं बदलायची, असं विचारलं.

एरवी मुका असलेला माणूस झाडांवर मात्र भडाभडा बोलायला लागला. इवल्या रोपाला मोठी बादली दिली की माती ओली राहते आणि मूळ कुजतं. म्हणून आधी कप, मग डबा. भोकातून पांढरी मुळं डोकावली की समजायचं, आता जागा अपुरी झाली. फार उशीर केला तर मुळं आतल्या आत गोल गोल फिरत बसतात, मग कितीही मोठी बादली द्या, ती पसरत नाहीत. या झाडाचं मूळ सरळ खाली जातं, त्याला छेडलेलं खपत नाही. म्हणून कपाचं बूड कापायचं आणि मातीचा गोळा न फोडता अख्खा खाली सरकवायचा.

इतकी काळजी? पालेभाजीची? माझी आई गॅलरीत कोथिंबीर लावायची ती धणे चुरडून, फेकून. हा माणूस तर बाळंतिणीसारखं जपत होता. मला एक अक्षर पटलं नाही.

एके दिवशी हॉलमध्ये त्यांच्या कंपनीचा फोन आला आणि ते घाईत तसेच आले. दार उघडं. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गेले आणि आत डोकावले. कंबरेएवढी झाडं, ओळीनं. वरची पानं हाताच्या बोटांसारखी, पाच पाच पाती, कडेला बारीक दाते. त्याच आठवड्यात इंग्रजी पेपरात पोलिसांनी पकडलेल्या गांज्याच्या झाडांचा फोटो आला होता. रद्दीतून काढून पाहिला. तेच पान. अगदी तेच.

संजयला दाखवलं तर तो पांढराफटक पडला. पोलिसांत जावं तर पहिला प्रश्न, हा माणूस तुमच्या घरात कसा? न जावं तर कुणी दुसऱ्यानं सांगायची भीती. दोन दिवस आम्हाला घास उतरेना. नातूर गनी जिन्यात नुसता हसला तरी वाटायचं, याला कळलंय. शेवटी ठरलं, कारण द्यायचं नाही, बोलायचं नाही, महिनाअखेर खोली खाली करायला सांगायची.

शुक्रवारी संजयनं सांगितलं. खडक्यांनी एवढंच विचारलं, झाडांमुळे का? संजय हो म्हणाला, माती-पाण्यानं फरशी खराब होते म्हणाला. कावेरीचं तिकीट झालंय, असं ते पुटपुटले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि खरं सांगते, मला कीव आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी संजय आणि मी भाजी घेऊन परत आलो तर घरभर लसणाच्या फोडणीचा वास. खोलीचं दार सताड उघडं. बादल्या धुऊन एकात एक घालून ठेवलेल्या, दांडे पिशवीत बांधलेले. टेबलावर पातेलंभर भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या, आणि शुभ्रा पहिला घास संपवून दुसरा तोंडाशी नेत होती.

मी तिच्या हातातला घास हिसकावून घेतला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मम्मी, व्हॉट? इट्स जस्ट आंबट!"

आंबट. मी बोटावर घेऊन जिभेला लावलं. अंबाडी! तांदळाच्या कण्या, तुरीची डाळ आणि वरून लसूण. माझ्या आईच्या हातची, जशीच्या तशी. पुण्यात मंडईतून कोवळी जुडी यायची, देठ मोडायचे आणि चिरायची. पण अंबाडीचं उभं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्याला वरती अशी बोटं फुटतात हे मला कोण सांगणार?

संजय सावरला. म्हणाला, झालं गेलं सोडा, तुम्ही इथेच राहा. मी मात्र भडकले. अंबाडी आहे एवढा एक शब्द तोंडातून काढायला काय होत होतं, म्हणून विचारलं.

खडके भाकरी झाकत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, पान कसं दिसतं ते मला ठाऊक होतं. म्हणून तर दार लावत होतो. तुम्ही दिवसभर माझ्या दाराकडे बघता, हेही दिसत होतं. सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं?"

संजयनं पुन्हा राहायचा आग्रह केला, कावेरीवहिनींना घेऊन या म्हणाला. तेव्हा ते जे बोलले ते अगदी साध्या आवाजात.

"आज पानावरून वाटलं, साहेब. उद्या आणखी कशावरून वाटेल. ती इथं दिवसभर एकटी असणार. कुणाच्या भरवशावर?"

महिनाअखेर ते गेले. कुठे गेले ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. फरशी घासून लख्ख केली होती. मी आजही म्हणते, दार उघडं ठेवलं असतं तर एवढं झालंच नसतं. त्यांच्या जागी एक मल्याळी जोडपं आलं. ती बाई दिवसभर एकटी असायची, आणि कामासाठी म्हणून मी तिच्या दाराशी गेले की आधी आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. कावेरीला मी कधी पाहिलं नाही.