तिसरा खोकला

सेतुअण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा सेतुअण्णा गात होते. कारखान्याकडे जाणाऱ्या ओरगडमच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत माझी गाडी अडकली होती आणि गाडीत त्यांच्या विडंबनगीतांचा अल्बम लागला होता. गाणं मध्येच थांबलं, फोन वाजला आणि त्याच स्पीकरमधून त्यांच्या पत्नीचा, रुक्मिणीवहिनींचा आवाज आला. "गेले हो ते... सकाळीं सहाला. तुम्ही कोठें आहांत?" मी कुठे आहे ते सांगितलं, येतो म्हणालो. वहिनींनी फोन ठेवला आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. त्या गाण्यात पुढच्या कडव्याआधी तीन खोकले आहेत. ते आले. मी गाडी कडेला घेतली आणि बटण बंद केलं. याला आता सात आठवडे झाले.

अण्णा तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी क्वार्टरमध्ये पेटी काढून दुसऱ्यांच्या चालींवर स्वतःचे शब्द बसवायचे. मी बारा वर्षांपूर्वी ट्रकच्या कारखान्यात नोकरीला म्हणून नाशिकहून इथे तमिळ मुलखात आलो आणि मराठी माणसं शोधत इथल्या मराठी मंडळात गेलो. महाराष्ट्रातून आलेले आम्ही लोक इथे पाऊल ठेवताच या मंडळींचं मराठी सुधारायला घेतो. ज्यांच्या घरांनी ती भाषा पिढ्यान् पिढ्या परमुलखात सांभाळली, त्यांना. मीही पहिल्याच भेटीत अण्णांना सांगितलं, की आता 'कोठें' म्हणत नाहीत, 'कुठे' म्हणतात. ते नम्रपणे "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणाले. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी एका आरतीच्या चालीवर नाशिकहून आलेल्या व्याकरणाचं गाणं म्हटलं. सभागृहात कोणी माझं नाव घेतलं नाही, सगळ्यांनी फक्त वळून पाहिलं. त्या दिवसापासून आमची मैत्री.

मंडळाचे अध्यक्ष गोविंदराव, वय चौऱ्याऐंशी. हा माणूस भाषणाआधी तीनदा खोकतो. पहिला खोकला माइक तपासायला, दुसरा सभा शांत करायला आणि तिसरा बहुधा स्वतःला धीर द्यायला. मग "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे" असं म्हणून पाऊण तास बोलतो. अण्णांचं प्रत्येक गाणं या तीन खोकल्यांनी सुरू व्हायचं. ते पेटीवर हात ठेवायचे, मान किंचित डावीकडे कलती करायचे आणि खोकायचे. डोळे मिटले तर गोविंदराव उभे आहेत असं वाटावं. पहिल्या रांगेत खुद्द गोविंदराव सगळ्यांत मोठ्याने हसायचे. इतकी वर्षं हे चाललं, की मंडळातल्या लहान मुलांना तो खोकला गाण्याचाच भाग वाटे. आम्हा मोठ्यांचंही फारसं वेगळं नव्हतं.

निवृत्तीनंतर अण्णांनी अल्बम काढायचं ठरवलं. एकसष्टाव्या वर्षी पहिला अल्बम, नाव 'दोन शब्द'. नऊ गाणी, सत्कार, उद्घाटन, आभारप्रदर्शन, सगळ्यांचा समाचार. "मंचावरती बसले सोळा, समोर बसले तीन, एक म्हणे मी माइकवाला, नेऊ का मशीन?" हे त्यातलं सर्वांना पाठ झालेलं. तालमी आवडीला त्यांच्या घरी होत आणि मी दर रविवारी टाळ्या द्यायला जाई. त्या काळात त्यांची पट्टी उतरत गेली. आधी पांढरी चार होती, मग तीन झाली, मग दोन. मी विचारलं तर म्हणाले, "वय झालं की सगळंच खाली येतें, साहेबा. तुमच्या कारखान्याच्या शेअरसारखं." ओळीच्या मध्येच ते थांबू लागले. त्या थांब्यांवर आम्ही फिदा होतो. काय टायमिंग आहे, शब्द नेमका कुठे रोखून धरायचा हे या माणसाला कसं कळतं, असं मी स्वतः मंडळाच्या अंकात लिहिलं आहे. तो अंक माझ्यापाशी आहे. ते श्वासासाठी थांबत होते.

ध्वनिमुद्रण वडपळनीला, एका फ्लॅटच्या आतल्या खोलीत केलेल्या स्टुडिओत झालं. रेकॉर्डिंग करणारी मालती नावाची तमिळ बाई होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आम्ही हसत होतो तेव्हा ती पडद्यावरच्या रेघा पाहत बसायची. अल्बममध्ये अण्णांनी खोकले एकाच गाण्यात, सातव्याच्या मध्यावर ठेवले होते; ते आले आणि तिने मुद्रण थांबवलं. कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाली, "सार, हा इरुमल काढून टाकू?" खोकला काढून टाकू का, असं ती विचारत होती. मी हसलो. माझ्या मोडक्या तमिळमध्ये तिला गोविंदराव समजावून सांगितले. माइक, सभा, दोन शब्द, पाऊण तास. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिले दोन घशातले आहेत, सार. तिसरा खालून येतोय. माझ्या अप्पांना असाच होता." मी म्हणालो, "तेच तर कौशल्य आहे यांचं!" काचेपलीकडे अण्णांनी रुमाल तोंडाला लावलेला होता. त्यांनी तो न बघताच घडी करून खिशात ठेवला. आमचं बोलणं त्यांना हेडफोनवर ऐकू येत होतं. "साहेब म्हणतांत तर राहूं दे," ते म्हणाले. मालतीने खांदे उडवले आणि तो राहिला.

प्रकाशन मंडळाच्या परंपरेला साजेसं झालं. सीडी लावायला आता कोणाकडे यंत्र नाही, म्हणून पेन ड्राइव्ह होता. बोटाच्या पेराएवढा तो ऐवज चांदीच्या तबकात मखमलीवर ठेवून त्याला जरीची फीत बांधली होती आणि ती कापायला मंचावर माणसं चढली. मी मोजली. सोळा. ज्या गाण्यात त्यांची टर उडवली होती, त्याच गाण्याच्या प्रकाशनाला ती सगळी फेटे बांधून बसली होती आणि त्यात कोणालाच काही वावगं दिसत नव्हतं. मग अण्णा गायला बसले. मान डावीकडे गेली. पहिला खोकला, हशा. दुसरा, टाळ्या. तिसरा सुरू झाला आणि संपेचना. चौथा, पाचवा... अण्णांनी एक हात पेटीवरून उचलून पाण्यासाठी पुढे केला. अध्यक्ष पाणी मागतात तसा तो हात दिसला आणि सभागृह अक्षरशः कोसळलं. कोणीतरी शिटी मारली. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. पाणी घेऊन धावल्या फक्त रुक्मिणीवहिनी. अण्णांनी दोन घोट घेतले, श्रोत्यांकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांना तपासणीला नेलं. फुप्फुसाच्या चित्रात जे होतं ते फार आधी दिसायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा दवाखान्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये कोणीतरी खोकत होतं, आणि माझं डोकं सवयीने तीन मोजायला लागलं. मी आत गेलो. अण्णांना म्हणालो, तुम्हाला कधीच शंका आली नाही? ते म्हणाले, "आली की. पण मी खोकलों की तुम्ही हसायचांत. मग वाटे, हा गोविंदरावांचाच असेल. इतकीं वर्षें त्यांचा खोकला खोकलों, साहेबा... माझा कुठला तें मलाच कळेना." मग माझ्याकडे वळून हसले. "आणि बघा. मी 'कुठला' म्हणालों. 'कोठला' नाही. सुधरलों की नाही?" त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

शोकसभेला गोविंदराव अध्यक्ष. ते उठले, माइक जवळ ओढला आणि सवयीप्रमाणे खोकले. मागच्या रांगेतून हसू आलं. एक, मग चार-पाच. लोकांना हसायचं नव्हतं. त्या आवाजावर हसायची सवय होती एवढंच. मग तेही थांबलं. गोविंदरावांचा दुसरा खोकला घशातच राहिला. त्यांनी माइक थोडा दूर केला. शेवटी म्हणाले, "हा खोकला माझा. मला काहीं झालें नाही." आणि खाली बसले. त्यांचं आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण तेच असावं.

मागच्या आठवड्यात मालतीचा फोन आला. तिने त्या दिवशी मला न सांगता सातव्या गाण्याची दुसरी प्रतही करून ठेवली होती, तिसरा खोकला काढलेली. घरच्यांना हवी असेल तर देते, म्हणाली. मी आवडीला गेलो. वहिनी पेटीवरची धूळ पुसत होत्या. मी सगळं सांगितलं, स्टुडिओत काय झालं तेही. हे त्यांना मी पहिल्यांदाच सांगत होतो. मी मान खाली घालून बोललो आणि त्यांनी फडकं थांबवलं नाही. पेटी पुसून झाल्यावर भाता दाबून कडी लावली, वरती कापड घातलं. मग म्हणाल्या, "चाली दुसऱ्यांच्या. नकला दुसऱ्यांच्या. त्या सगळ्यांत त्यांचा स्वतःचा म्हणून तेवढा एकच आहे. काढूं नका."

मी काढला नाही. मला त्यांनी माफ केलं की शिक्षा दिली, ते मी विचारलंही नाही. आजही ओरगडमला जाताना ते गाणं लागतं. साधारण ट्रकांची रांग सुरू होते तिथे सातवं येतं. पहिला खोकला गोविंदरावांचा, दुसरा गोविंदरावांचा. मग मी आवाज वाढवतो.