कूलरला मारलेला चांदी रंग

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, म्हणून नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांतलं विजेचं सगळं आई माझ्यावर सोपवायची.

त्या मे महिन्यात थोरली बहीण बाळंतपणाला आली होती. बाळ नऊ दिवसांचं, अंगभर घामोळं. कूलर घरघर करू लागला, म्हणून मी मोटर काढली, तेल सोडलं आणि परत बसवली. तारा जोडायला गेलो आणि हात थांबला. मोटरीतून चार तारा निघत होत्या आणि चारही चांदीच्या रंगाच्या. पत्रा गंजू नये म्हणून आपल्याकडे उन्हाळ्याआधी कूलरला रंग देतात. या खेपेला तो मीच मारला होता, मनापासून, आतून-बाहेरून, तारांसकट.

चारांतली एक अर्थिंगची. तिलाच वीज जोडली, तर सगळ्या पत्र्यात करंट. आणि आई दिवसातून चारदा ओल्या हातांनी त्यात पाणी ओतायची.

"लाव ना बाबू अंदाजानं," बहीण पदरानं वारा घालत म्हणाली. "लेकरू भाजून राहिलं."

कॉलेजचं पुस्तक काढलं. मोटरीची आकृती मला पाठ होती, पण त्यात तारांच्या जागी नुसती अक्षरं. त्यातल्या त्यात जाड तार विजेची असावी असं ठरवून तिला पांढरा दोरा बांधला. धीर मात्र होईना. सायकल काढली.

सीताबर्डीला ज्याच्याकडून कूलर घेतला तो दुकानदार म्हणाला, "नकाशा? तो मिस्तरीच्या डोक्यात राहते. मिस्तरी गेला लग्नाले."

तिथून इतवारीत. तिथे मोटरी भरणारे, आमच्या ओळखीचे एक काका बसायचे. आधी विणकर होते. माग बंद पडल्यावर सुताऐवजी तांब्याची तार हाती घेतलेली.

"कूलरच्या झाकणाच्या आतून पाहिलं काय गा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आत काही नाही, काका. नुसता रंग आहे."

"कोणं मारला?"

"मी."

आता त्यांनी वर पाहिलं. "कंपनीवाले आतून पट्टी ठोकते, नकाशाची. बी.एस्सी. झाला अन् वाचाचं सोडून त्याच्यावरच ब्रश फिरवला काय? जा, टर्पेंटाइन लावून पूस. तारा बी पूस."

घरी येऊन झाकण उपडं केलं. चिंधीनं घासता घासता एक पट्टी वर आली, तिच्यावर कोरलेल्या रेघा, रेघांपुढे रंगांची नावं. हिरव्यापुढे एकाखाली एक लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघा होत्या. ती जमिनीची खूण मी परीक्षेत कितीदा काढली होती.

मग तारा पुसल्या. लाल, काळी, पिवळी. शेवटी दोरा बांधलेली. ती हिरवी निघाली.

पट्टी पाहून कूलर जोडला. वारा आला, बाळ झोपलं. "आमचा बाबू शिकला म्हणून झालं," आई बहिणीला म्हणाली आणि बादली उचलून निघाली.

"थांब," मी ओरडलो. टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही. पुन्हा लावला, दुसऱ्या कोपऱ्यात.

"काहून गा? आता काय झालं?"

"काही नाही," म्हणालो. दोऱ्याचं तिला सांगायचं धाडस झालं नाही. पण त्या उन्हाळ्यात तिने बादली उचलली, की मी टेस्टर घेऊन तिच्या पुढे जात असे.