नरसिंहाची मानदुखी

लिंबाजीमामा जांभई देताना आधी डाव्या हाताने कानशील धरत, मग जबडा इंच इंच उघडत आणि तो पूर्ण उघडला की विजयी मुद्रेने सभोवार पाहत. जणू आमच्या टेंभुर्णी गावची वेसच उघडली! हे माझे सख्खे मामा. शेतीवाडी भरपूर, पण निजामी अमलात आमच्या भागात त्यांची ओळख एकच, नरसिंह. दर वैशाखात नृसिंहजयंतीला ते भला मोठा लाकडी मुखवटा चढवत. आतली पट्टी दातांत धरायची, डाव्या हाताने मुखवटा सावरायचा आणि संबळाच्या तालावर गावभर नाचायचं. पोरं किंचाळत, म्हातारे पाया पडत.

म्हणून मामांची मान, जबडा आणि डावा हात दुखू लागला, तेव्हा कारण शोधायला कोणी गेलंच नाही. तिन्ही दुखण्यांना मुखवटा माप घेऊन शिवल्यासारखा बसत होता. मामांना तर त्याचा अभिमानच. “देवाचं वजन हाय, भाचेबुवा,” ते मान चोळत म्हणत, “कोणाच्याबी मानंवर बसतं का ते?”

“पण मुखवटा तर आठ महिने पेटीत हाय,” मामी म्हणाली.

“पेटीत जाताना वजन माह्याकडं ठिवून गेला.”

मामीचा संशय दोन उशांवर होता, वैद्यबुवांचा वातावर. भोकरदनच्या हकीमसाहेबांनी ‘बाजू’वर चोळायला तेल दिलं. त्यांच्या उर्दूत बाजू म्हणजे दंड; मामांनी बाटली संपेपर्यंत बरगड्या चोळल्या. “बरगड्यांना बिलकुल आराम हाय,” असं ते सांगत. त्या कधी दुखतच नव्हत्या!

शेवटी मी त्यांना जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली.

“साहेब, दुखणं वर हाय. तुमी खाली काय शोधून राह्यले?”

“दुखतं कधी?”

“गढीचा चढ चढलो की. जरा टेकलो की बंद.”

“मग मुखवटा निर्दोष आहे. हे हृदयाचं दुखणं. कधी कधी ते छाती सोडून मान, जबडा, हात धरतं. यंदा नाचलात तर नाचता नाचताच जाल.”

परतताना गाव दिसू लागलं तसं मामा म्हणाले, “कोणाला बोलू नको. नरसिंहाचं काळीज कच्चं निघालं म्हणले तर गाव हसंल. त्यापरीस नाचून मेलो तर बरं.”

“मामीला?”

“तिला तर बिलकुल न्हाई.”

मी घरात शिरताच मामीला सांगितलं. ती रडली नाही. पेटीला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. “देव गावाचा हाय,” ती म्हणाली, “नवरा माह्या वाट्याचा हाय.”

आठवडाभर मामा जेवले नाहीत धड. मग एका सकाळी पारावर जाऊन गरजले, “यंदा हिरण्यकशिपू म्या! आजवर एकालाबी बराबर मरता आलं न्हाई. इतक्यांची पोटं फाडली, मला म्हाईत!” मामीने कुलूप काढलं आणि मुखवटा माझ्या डोक्यावर आला.

नृसिंहजयंतीला नाचून नाचून मी खांबापाशी टेकलो आणि मामा माझ्या मांडीवर आडवे झाले. आता फक्त पोट फाडायचं. पण राक्षस मरेना. “मान वर... अरे, नखं हायेत का लाटणं?” ही कुजबुज मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जात होती. पंजा मारला की मामा तडफडत, डोळे फिरवत, निपचित पडत. लोकांनी टाळ्या वाजवल्या की पुन्हा उठून बसत. गर्दीत मामी पदर तोंडाला लावून हसत होती.

माझी मांडी बधिर, मान मोडायला आलेली. शेवटी दातांतली पट्टी सोडून मी ओरडलो, “मामा, मरा की आता!”

“मरतो की,” राक्षस माझ्या मांडीवर ऐसपैस पसरत म्हणाला, “जल्दी काय हाय?”