चिंचेच्या फांदीचा निकाल

जगातल्या कोणत्याही दोन वस्तू शेजारीशेजारी आल्या की त्यांतली एक सरस असलीच पाहिजे, आणि ती कोणती हे ठरेपर्यंत माणसानं चहाचा कप तोंडाला लावू नये, अशी श्रद्धा असलेला माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे मावसाजी, नागभीडजवळच्या एका गावातल्या शाळेत जन्मभर क्रीडाशिक्षक होते. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि शिट्टी परत मागायला विसरली. ती शिट्टी आजही त्यांच्या गळ्यात असते. एकदा वडशाच्या एका मंडळीचं नाटक पाहताना खलनायकानं नायकाला पाठीमागून धरलं, तर मावसाजींनी पहिल्या रांगेतून शिट्टी फुंकून फाऊल दिला. खलनायक शिस्तीचा निघाला. त्यानं नायकाला सोडलं, समोर येऊन नमस्कार केला आणि पुन्हा धरलं. त्या प्रवेशाला वन्समोअर मिळाला.

निवृत्तीनंतर मात्र त्यांच्यासमोर धावायला कोणी उरलं नाही. काही दिवस त्यांनी गावातल्या बैलांच्या, आगगाड्यांच्या आणि व्याह्यांच्या घोरण्याच्या तुलना केल्या, पण त्यांत जीव रमेना. तेवढ्यात मावशीनं साधीच मागणी केली. घरामागच्या वाडीतल्या चिंचेची एक जाडजूड फांदी तिच्या मागच्या सैपाकघराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, आली होती, ती कापून टाकावी. एक माणूस आणि एक कुऱ्हाड, इतकं ते काम. पण मावसाजींनी कुठंतरी बॅटरीवर चालणारी करवत पाहिली होती. पिस्तुलासारखी हातात धरायची, खटका दाबला की पुढचं पातं विजेच्या वेगानं मागेपुढे धावतं, ना वायर ना पेट्रोल. ती आणायला ते नागपूरला गेले आणि दोन घेऊन आले.

"दोन काऊन आणल्या?" मावशीनं विचारलं.

"एकटीच धावली तं पैली आली का शेवटची आली, कसं समजन?"

पुढं जावयानं दिवाळीला तिसरी पाठवली. मग पिवळी, हिरवी आणि लाल अशा तिन्ही करवतींचे सामने वाडीत सुरू झाले, आणि फांदी जिथं होती तिथंच राहिली. "ज्या करवतीचं बळ सिद्ध झालं, तिलेच फांदीचा मान," असा मावसाजींचा नियम होता. हे बळ सिद्ध करणं सोपं नव्हतं. पिवळी बाभळीच्या ओंडक्यातून सुरी लोण्यातून जावी तशी जायची, पण धरणाऱ्याचे दात वाजायचे. हिरवी मंद, पण तिची बॅटरी सकाळपासून चालून दुपारीही ताजी. लाल करवत खिळे ठोकलेली जुनी चौकट न अडखळता कापायची, आणि बांबू दिसला की थरथरायची. बॅटऱ्यांना ते खेळाडूंसारखं वागवत. सामन्याआधी पूर्ण चार्ज, सामन्यानंतर सावलीत विश्रांती. उन्हात ठेवलेल्या बॅटरीवर त्यांनी एकदा ओला रुमाल टाकला होता, तो मावशीनं ओरडून काढायला लावला. आणि निकाल लागतोय असं वाटलं की ते स्वतःच अपील करत: पातं जुनं होतं, ओंडक्यात गाठ होती, वारा समोरून होता. करवतीला वारा कसा लागतो हे मी फोनवर विचारलं नाही. मला तेव्हा गाडी पकडायची होती.

या मुलखात करवतीचा आवाज खासगी राहत नाही. एका सकाळी जंगलाकडून वनखात्याचे गार्डसाहेब मोटारसायकलवर धावत आले. "लाकूड कायचं हाये?" त्यांनी दरडावलं. बाभूळ होती, मावसाजींच्याच बांधावरची. खात्री पटल्यावर ते परत निघाले, तर मावसाजींनी त्यांच्या हातात घड्याळ दिलं. "सायेब, वेळ घ्या. सरकारी माणूस असला तं कोणी बोट दाखवत नाई." गार्डसाहेब जेवूनच गेले. अंतिम सामन्याच्या उद्घाटनाला तर तालुक्याचे एक पुढारी आले होते, कारण हार दिसला की ते येतातच. त्यांनी फोटोसाठी बिनपात्याची करवत छातीशी धरली, खटका दाबला आणि तो न सोडता खिलाडूवृत्तीवर भाषण केलं. त्या घरघरीत एक शब्द कोणाला ऐकू आला नाही. त्यांच्या आजवरच्या भाषणांत एवढ्या टाळ्या कुठल्याच भाषणाला पडल्या नव्हत्या. तो अंतिम सामना अनिर्णित राहिला, कारण ती करवत भाषणानं दमली होती.

इकडे मावशीच्या तोंडाचा पट्टा चालूच. मी फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "बाबू, फांदी माह्या डोक्शात पडन, तवा लागन का निकाल?" गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी तिनं मला बोलावूनच घेतलं. "तू शिकला-सवरला हायेस. तूच निकाल दे अन् मोकळं कर मले." बऱ्याच वर्षांनी जात होतो. फाटकातच मावसाजींनी माझी पिशवी काढून घेतली आणि घरात पाऊलही टाकू न देता मला वाडीत पंच म्हणून उभं केलं.

सामने झाले. मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी अपील ऐकायचं नाही. "लाल जिंकली," मी जाहीर केलं.

मावसाजींनी लाल करवतीवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "पंचाचा निर्णय अंतिम." त्यांनी शिडी लावली, लाल करवत घेतली आणि जवानासारखे वर चढले. मावशी पदर खोचून खाली उभी. फांदीच्या बुंध्याजवळ सालीवर एक गुळगुळीत खाच दिसत होती. शाळेला मैदान होतं, पण दोर बांधायजोगं झाड नव्हतं. गावातले सारे पोट्टे मावसाजींच्या शिट्टीवर या फांदीला बांधलेल्या दोरावर चढायला शिकले, त्याची ती खाच. मावसाजींनी पातं तिच्याशेजारी टेकवलं. खटक्यावर बोट ठेवलं. आणि दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडात घालून एवढ्या जोरात फुंकली की चिंचेवरचे सारे पोपट उडाले.

"फाऊल! फांदीवर चिचा हायेत! भरल्या अंगाचा गडी कोणी आखाड्यात घेते का? सामना तहकूब!"

"अजी, उतरा खाली!" मावशी कडाडली. "जन्म गेला माहा तुमच्या तहकुबीत!"

ते उतरले ते खिशात चिंचा भरूनच. मावशी म्हणाली, "बाबू, मीठ आण बरं." मी जुन्या सवयीनं मागच्या सैपाकघरात शिरलो. तिथं मीठ नव्हतं. चूल नव्हती, भांडी नव्हती, फळ्यासुद्धा नव्हत्या. त्या फांदीच्या बरोबर खाली एक रिकामी खोली होती आणि कोपऱ्यात थोडे कांदे.

मी पुढं आलो. चूल सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पेटलेली होती. मावशी तिच्यापुढं बसून मीठ-तिखट काढत होती, आणि शेजारी बाभळीचे एकसारखे कापलेले तुकडे छान रचून ठेवले होते. साऱ्या सामन्यांचं सरपण.

"मावशी, सैपाकघर कधी हलवलंस?"

"झाले बरेच वर्ष. करवती आल्या तवाच."

"मावसाजींना कळलं नाही?"

"त्याईनंच तं चूल उचलून आणली इथी," ती सहज म्हणाली.

"मग रोज हा ओरडा कशासाठी?"

तिनं एक तुकडा चुलीत सारला. बाहेर मावसाजी कोणत्याशा करवतीला काहीतरी समजावत होते. "मी बोलली नाई," ती हळू आवाजात म्हणाली, "तं ते काम संपलं म्हनतीन. मंग सकाळी उठून शिट्टी घालतीन, अन् जातीन कुठी?"

मी मीठ लावून एक चिंच तोंडात टाकली. चिंच फार आंबट होती, डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळंही असेल. मावशीनं धूर पदरानं हाकलला, घसा साफ केला आणि नवाकोरा राग आवाजात आणून वाडीच्या दिशेनं हाक दिली, "अजी, आयकता का? ती फांदी कवा कापता?"

"सेमीफायनल चालू हाये!" बाहेरून उत्तर आलं. त्या आवाजाला कोणी निवृत्त म्हटलं नसतं.