दुसरा डोळा

शेजारच्या सावंतकाकूंकडे पर्शियन मांजर आली, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगने एकच प्रश्न विचारला, “कितीला पडली?” मीही तेच विचारायला गेले होते.

काकू कोमट पाण्यात कापूस बुडवून तिचे डोळे पुसत होत्या.

“रडतेय का हो ही?”

“रडत नाही गं. माणसांनी निवडून निवडून पैदास करून यांचं नाक इतकं चपटं करून ठेवलंय, की डोळ्यांतल्या पाण्याला जायला वाटच नाही. रोज पुसावं लागतं.”

मांजरीची बारीक घरघर चालली होती. मला वाटलं, लाडात आलीय. “छे, श्वास घेतेय ती,” काकू म्हणाल्या.

बाहुलीसारखा चेहरा हवा, म्हणून कुणीकुणी पिढ्यान्‌पिढ्या आपली हौस भागवली होती. आणि तोच चेहरा बघून दारातच मी “अय्या, किती गोड!” म्हटलं होतं. मग कितीला पडली, हे माझ्याने काकूंना विचारवेना. विचारायचं तर त्या मांजरीलाच विचारायला हवं होतं.

तिची मात्र काही तक्रार नव्हती. एक डोळा पुसून झाला, तशी तिने मान वळवली आणि दुसरा डोळा आपणहून काकूंच्या हातापुढे केला.