अहो ससेराव

आप्पा जनावराला ‘अहो’ म्हणायचे आणि माणसाला ‘अरे’. कवठे येमाईत त्यांच्या दारी कुणी लंगडी शेळी आणली, की ते अदबीनं विचारायचे, “काय हो बाई, कुठं धडपडलात?” आणि मालकाला म्हणायचे, “तू काय बघतोस रं टोणग्या, पाणी आण.” सरपंचांनाही सूट नव्हती. ते आपल्या म्हशीशेजारी निमूट उभे राहायचे. मान म्हशीला मिळायचा.

हा मान फक्त दुखण्यापुरता. जनावर बरं झालं की त्याचाही ‘अरे’ व्हायचा. “नीघ रं आता, लई सोंगं केलीस,” असं आप्पा बोकडाला म्हणाले, की मालकानं दोरी सोडायची. वेगळा डिस्चार्ज कुणी मागितला नाही. घराणं मेंढरांमागं फिरणारं, हाडं बसवायची विद्या तिथूनच आलेली. दवाखान्याची पाटी नव्हती, म्हणूनच बहुधा दवाखाना चालायचा.

मी तेव्हा रांजणगावला कंपनीत सुपरवायझर होतो. मोटरसायकल नवी होती आणि अक्कल त्याहून कोरी. एका सकाळी कारेगावहून सुसाट येताना एक रानससा चाकाखाली आला. त्याचा मागचा पाय मोडला. शर्टात गुंडाळून त्याला आप्पांकडे नेलं.

“या ससेराव, बसा,” आप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “आन् तू रं? रस्ता सासऱ्यानं आंदण दिलाय व्हय तुला?”

त्यांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला.

“आप्पा, वाचेल ना हो?”

“मला काय इचारतोस? त्यांची माफी माग आधी. मोठ्यानं माग, एवढं कान उगाच न्हाईत त्यांना.”

कंपनीत चाळीस माणसांवर ओरडणारा मी सशापुढं हात जोडून उभा राहिलो.

मग रोज शिफ्ट सुटली की मी लसूणघासाची जुडी घेऊन हजर. ससा घासाला तोंड लावायचा नाही. आप्पा त्याला बोळ्यानं शेळीचं दूध पाजायचे. “त्ये बारीक हायती म्हणून बोळ्यानं पित्यात,” ते मला म्हणायचे, “तुझं काय?” मला एवढंच हवं होतं, की आप्पांनी त्याला एकदा ‘अरे’ म्हणावं. पण त्यांचं आपलं चालूच, “अहो, घ्या की. अहो, दोन घोट तरी.”

नवव्या दिवशी अंगणात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला, “ऊठ की रं. ऊठ की लेका.”

रं! सुटलो बाबा एकदाचा! घासाची जुडी सांभाळत मी आत धावलो. “आप्पा, बरा झाला ना?”

ससा त्यांच्या मांडीवर गार पडला होता. आप्पा त्याच्या कानांवरून हात फिरवत होते. एखादी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

लिंबाखाली खड्डा मी खणला. ससा ठेवण्याआधी आप्पांनी त्याच्या पायाच्या कामट्या सोडल्या. “पळताना आडव्या यायच्या,” म्हणाले.

पुढं काही वर्षांनी आप्पा गेले. निरोप मिळाला तसा कंपनीतून निघालो, तरी त्या रस्त्याला गाडी हळूच चालवली. त्यांना अंगणात निजवलं होतं. जन्मभर मी त्यांना अहो-जाहो केलं. पायाशी बसलो आणि तोंडातून निघून गेलं, “आप्पा, ऊठ की रं.”

सरपंचांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. पाहोत बापडे.