जर्मननानांचा पुढचा धडा

स्वराज्याला उशीर का होतो आहे, याचं नेमकं कारण अख्ख्या खानदेशात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे दीर. आम्ही पोरं पत्रकांतून कलेक्टराला, मामलेदाराला आणि त्यांच्यापुढे माना डोलावणाऱ्या रावसाहेबांना झोडपत होतो. ते मात्र सगळा दोष मराठी भाषेला देत. "आपण आधी 'सोमवार' म्हणून टाकतो," ते सांगत, "आणि मग विचार करत बसतो, सोमवारी, सोमवारपासून, का सोमवारनंतर! तोवर मंगळवार उजाडतो. जर्मन माणूस हे आधी ठरवतो, मगच वाराचं नाव घेतो." घड्याळाच्या वेळेला 'उम', वाराला 'आम', महिन्याला 'इम', आधीला 'फोर', नंतरला 'नाख', पासूनला 'झाइट', पर्यंतला 'बिस'. एवढं देशाने पाठ केलं की इंग्रज बोटीत बसलाच म्हणून समजा!

महायुद्धाआधी ते कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला जर्मनीला गेले होते. युद्धाची चिन्हं दिसली तसे परत आले आणि जळगावात जर्मननाना झाले. रावेरकडच्या केळीच्या बागेतल्या वाट्यावर घर चालायचं, त्यामुळे उरलेला सगळा वेळ वेळेसाठी मोकळा. साक्रीला भाच्याच्या लग्नात नवरदेव अजून वेशीवरच होता. सगळे आत्ता येतीलच, म्हणून मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "नाना, आते येतीन बठ्ठा!" नानांनी खिशातलं घड्याळ काढून विचारलं, "'आते' म्हणजे उम की नाख?" ते बिचारे वेशीकडे धावले. नाना पत्रिकेतल्या वेळेला एकटेच पाटावर बसले, आचाऱ्याकडून अर्धी शिजलेली वांग्याची भाजी वाढून घेतली, रिकाम्या मांडवावर अक्षता टाकल्या आणि मोटार धरून घरी आले. आत्या अजून त्या लग्नाच्या नावाने कपाळाला हात लावते.

त्यांच्या ओट्यावर रोज सकाळी जर्मनचा फुकट वर्ग भरे. म्हणजे नाना, फळा आणि खडू भरत. विद्यार्थी कोणी नसे. मग कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. चार पोरं एकत्र दिसली की पोलीस धावत, म्हणून पत्रकांची देवघेव करायला आम्ही हा वर्ग गाठला. नानांची एकच अट होती : "येईल त्याने शिकलंच पाहिजे. देशासाठी सूट नाही." झालं! भर चौकात विलायती कापडाची होळी करणारे आम्ही वीर 'आम मोंटाग, आम मोंटाग', म्हणजे 'सोमवारी, सोमवारी', असं ओरडू लागलो. पावसाळा गेला, संक्रांत आली, धडा तोच. कोणी "नाना, पुढचं?" म्हणालं की ते डोळे वटारत. "पुढचं कशाला? काल महिन्याला 'आम' लावलंस, गाढवा!"

आणि एका सकाळी फौजदार ओट्याशी उभा राहिला, सोबत कोपऱ्यावर रोज पहारा देणारा धुळ्याकडचा शिपाई. सोनगीरच्या बाजारात वाटायचा पत्रकांचा गठ्ठा नानांच्या बैठकीखाली होता. तो सापडला असता तर आम्ही सगळे आत आणि आमचं चोरून चालवलेलं छपाईचं यंत्र जप्त.

"उठा," फौजदार म्हणाला.

"शिकवताना मी उठत नसतो. धडा संपू द्या."

शिपायाने तोंड घातलं, "साहेब, मी रोज ऐकस. बठ्ठा तोच धडा शे!"

"असं? मग हा वर्ग खोटा. खरा असेल तर घ्या पुढचा धडा. आत्ताच्या आत्ता!"

नानांनी आमच्याकडे पाहिलं. बसल्या बसल्या फळा पुसला, खडू टेकवला आणि तसाच खाली ठेवला.

"पुढचा मला येत नाही."

"काय?"

"तिथे एका बाईंकडे जेवायला होतो. वेळ चुकली की ताट बंद. म्हणून वेळेचे शब्द आधी शिकलो. पुढचे शिकणार, तोच निघावं लागलं. बाईंना म्हणालो, युद्धानंतर येतो. 'नाख' अगदी बरोबर वापरलं होतं."

फौजदार असा हसला की त्याला खांब धरावा लागला. "हे म्हणे जर्मननाना!" हसता हसता तो झडती विसरला आणि शिपायाच्या खांद्यावर हात टाकून निघून गेला. गठ्ठा सोनगीरला पोचला. आणि इकडे संध्याकाळपर्यंत सगळं जळगाव नानांना हसत होतं. ज्यांनी जन्मात भुसावळपलीकडे पाऊल टाकलं नाही, ते हसत होते! या गावावर एक जळजळीत पत्रक काढायचं माझ्या फार मनात होतं. पण नानांनी हे हसू कशासाठी ओढवून घेतलं, हे छापता येत नव्हतं.

आम्ही जागा बदलली. दुसऱ्या दिवशी मी त्या नव्या जागेकडे निघालो आणि पाय ओट्याकडेच वळले. नाना एकटेच होते. गठ्ठा गेल्यामुळे बैठक खाली बसली होती, तसे तेही थोडे बुटके वाटले.

"काम झालं ना तुमचं? आता कशाला आलास?"

"शिकायला."

"मला तेवढंच येतं रे."

"माझं तेवढंही अजून चुकतं, नाना."

त्यांनी खिशातून घड्याळ काढून बघितलं. "उशीर केलास," म्हणाले, आणि माझ्यासाठी जरा सरकून बसले.